थेंबही न गळणारे घर

२० मे २०१९. या दिवसापासून किलोग्रॅमची व्याख्या बदलली. जपून ठेवलेल्या धातूच्या एका ठोकळ्यावरून किलो ठरवण्याची शतकाहून जुनी पद्धत बंद झाली आणि निसर्गातल्या एका स्थिरांकावरून तो ठरू लागला. ही गोष्ट कोणालाही पडताळून पाहता येईल. प्रस्तुत हकिकतीशी तिचा संबंध एवढाच, की तिच्यामुळे हकिकतीची पहिली तारीख पक्की होते. पक्ष्यांचे पिंजरे बनवणाऱ्या गृहस्थांनी, ज्यांना सारी गल्ली पिंजरेवाले म्हणते, त्या सकाळी रेडिओवर ही बातमी ऐकली होती आणि समोरच्या दुकानातल्या मित्राला रस्त्यापलीकडून हाक मारली होती.

"ऐकलंस का रे? आजपासून किलो बदलला. आता तरी तुझं पोट काट्यावर मावेल."

समोरच्या मित्राच्या, म्हणजे टाकीवाल्यांच्या, ओठांवर आलेले उत्तर तिथेच राहिले. त्यांच्या दुकानापुढे टॅक्सी थांबली होती आणि तिच्यातून त्यांची मुलगी उतरत होती. म्हणून ही तारीख निर्विवाद आहे. पुढच्या पुष्कळ गोष्टींविषयी असे म्हणता येत नाही.

टाकीवाले माशांसाठी काचेच्या टाक्या बनवतात. खाली दुकान, त्यामागे कामाची खोली, वर घर. काचेवर ते हिऱ्याने एकच रेघ ओढतात, हाताचा दाब कुठेही न बदलता, आणि मग टेबलाच्या कडेवर हलका झटका देतात. सांध्यात सिलिकोन भरताना ते बोलत नाहीत आणि दुसऱ्या कोणी बोललेले त्यांना खपत नाही. तयार टाकी काठोकाठ भरायची, खाली वर्तमानपत्र पसरायचे आणि दुसऱ्या दिवशी कागद हाताने चाचपायचा, ही त्यांची परीक्षा. कागद कोरडा असेल तर टाकी गिऱ्हाइकाची. दमट जरी लागला तरी सांधा सोलून काम पहिल्यापासून. त्यांची टाकी गळाल्याचे गल्लीत कोणाला आठवत नाही. गल्लीची आठवण हा काही पुरावा नव्हे, परंतु उलट बाजूचा पुरावाही शोधून सापडलेला नाही.

मुलीला घरात चिमी म्हणत. शाळेच्या वयापासून ती कामाच्या खोलीत रमायची. शिक्षण संपल्यावर तिने दुकानातच बसायचे ठरवले आणि बापाने नाही म्हटले. नकाराचे शब्द नवराबायको दोघांनाही सारखेच आठवतात: "तुझा हात हलका नाही. काच वाया घालवशील." आज टाकीवाले सांगतात की खरे कारण वेगळे होते. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना एका जुन्या कापानंतर संवेदना उरलेली नाही आणि पोरीच्या हाताचे तसे होऊ नये एवढेच त्यांच्या मनात होते. पण त्या दिवशी तोंडातून गेले ते हाताविषयीचे वाक्य, आणि चिमीने तेच बरोबर नेले. समुद्राच्या तळाचे मोजमाप करणाऱ्या एका जहाजावर तिने नोकरी धरली. फोन ती आईला करी. बापाची विचारपूस "दुकान चालू आहे ना?" एवढ्या प्रश्नात उरकी. चार वर्षे असेच चालले होते.

त्या सकाळी तिने दुकानाच्या फळीवर जाळीदार कापडाची एक घडीची पेटी ठेवली. तिची चेन एका बाजूने उसवलेली होती.

"बाबा, हा तुमच्याकडे राहू दे. या खेपेला लांबचा दौरा आहे. जहाजावर नेता येत नाही."

"हा म्हणजे कोण?"

तिने पेटी उघडून दाखवली. आत फांदीला धरून तळहाताएवढा हिरवा प्राणी बसला होता. अंगावर पिवळसर पट्टे, डोक्यावर उभट तुरा, शेपटीची गुंडाळी.

"सरडा?"

"कॅमेलिअन."

"म्हणजे सरडाच ना?"

"हो बाबा, सरडाच. पण सांभाळा. माझ्या खोलीवर दुसरं कुणी नसतं. हाच आहे."

एव्हाना आई जिना उतरून खाली आली होती. प्राण्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरत होते. ती म्हणाली, "एका डोळ्याने तुमच्याकडे बघतोय आणि एका डोळ्याने दार शोधतोय. अगदी चिमीवर गेलाय."

चिमी हसली. बाप हसायला लागेपर्यंत तिचे हसून झाले होते.

यानंतर तिने काय काय सांगितले, याबद्दल दोन साक्षी आहेत आणि त्या जुळत नाहीत. आईच्या म्हणण्याप्रमाणे ती स्पष्ट म्हणाली की याला हवा खेळती लागते, जाळीतच ठेवा, वाटीतले पाणी हा पीत नाही, पानांवरचे थेंब पितो. टाकीवाल्यांना पानांवरच्या थेंबांचे आठवते. जाळीचे आठवत नाही. त्यांना आठवते ते शेवटचे वाक्य: "याला काही कमी पडू देऊ नका." टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता. कदाचित दोन्ही गोष्टी बोलल्या गेल्या असतील आणि प्रत्येकाने आपल्याला झेपेल ती ठेवून घेतली असेल.

टाकीवाल्यांच्या दृष्टीने प्रश्न सरड्याचा नव्हताच. पोरीने चार वर्षांत प्रथमच त्यांच्या हाती काही दिले होते, आणि तेही जिथे तिच्या हाताला नाव ठेवले होते त्याच दुकानात येऊन. "धडधाकट परत केला की ती वर येईल," असे ते बायकोला म्हणाले. "वर येईल, बसेल, चहा घेईल. मग बघू." त्यांची सारी आशा या चार क्रियापदांत मावत होती.

उसवलेली पेटी त्यांना बघवेना. "कापडाच्या पिशवीत का कुणी जनावर ठेवतं? भाजी आहे का ती?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी गिऱ्हाइकांची कामे बाजूला सारली आणि सर्वांत स्वच्छ काच काढली. टाकी आडवी नव्हे, उभी केली, कारण सरडा चढणारा प्राणी आहे हे त्यांनी नीट पाहिले होते. कडा घासून अशा गुळगुळीत केल्या की त्यावरून ओठ फिरवला तरी चालेल. सांध्याची रेघ तिरप्या उजेडाखेरीज दिसत नव्हती. वर काचेचेच झाकण, त्याला हात जाईल एवढी सरकती खिडकी. सिलिकोनचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत त्यांनी प्राण्याला आत सोडले नाही. काळजीत कसर नव्हती, हे नोंदवणे भाग आहे.

आणि मग सवयीने त्यांनी ती टाकी काठोकाठ पाण्याने भरली आणि खाली वर्तमानपत्र पसरले.

पिंजरेवाले चहाचा पेला घेऊन समोरून आले. त्यांनी टाकीकडे पाहिले, मग पेटीतल्या सरड्याकडे पाहिले.

"पोहायला शिकवतोयस का त्याला?"

"परीक्षा आहे. तुझ्या पिंजऱ्यांची घेतलीस कधी?"

"माझ्या पिंजऱ्यात पाणी ओतलं तर रस्त्यापलीकडे तुझ्या दुकानात येईल."

"म्हणूनच म्हणतो. नुसती भोकं विकतोस तू. भोवती तार गुंडाळून."

ही थट्टा त्या दोघांत वर्षानुवर्षे चालत आलेली होती. काच श्रेष्ठ की जाळी, यावर त्यांनी एकमेकांचे असंख्य चहा प्यायले होते. सरड्याला जाळी लागते हे पिंजरेवाल्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी आजवर पोपट आणि लहान चिमण्याच पाहिल्या होत्या. पण समजा ठाऊक असते आणि त्यांनी सांगितले असते, तर टाकीवाल्यांनी ते चेष्टेवारीच नेले असते, असे दोघेही आज मान्य करतात.

कागद कोरडा निघाला. टाकी पुसून आत फांद्या बसवल्या, एक कुंडी ठेवली, वर दिवा लावला. खाऊ म्हणून रातकिडे आणावे लागत.

"जन्मभर घरातले किडे मारले," बायको म्हणाली, "आता पैसे देऊन घरी आणायचे. त्यांनाही एक टाकी करा, गळणार नाही अशी."

टाकीवाले सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी फवारत. ते पाणी पानांवरून तळाला जाई आणि तिथेच राही, कारण बाहेर जायला वाट नव्हती. दिव्याच्या उबेने त्याची वाफ होई आणि काचेला आतून घाम येई. टाकीवाले बाहेरून काच पुसत. घाम आत असे. हवा कुठूनही आत येत नव्हती आणि कुठूनही बाहेर जात नव्हती. ज्या गुणासाठी माणसे त्यांच्याकडे येत, तोच गुण आता त्या प्राण्याच्या चारही बाजूंना उभा होता.

सरडा झाकणाला लागून बसू लागला. काचेवर नाक घासू लागला. चारही भिंतींत त्याला दुसरा एक सरडा दिसे, आणि कॅमेलिअन आपल्या जातीचा दुसरा प्राणी जवळ सहन करत नाही. त्याचा हिरवा रंग गडद झाला, पट्टे काळपट तपकिरी झाले. प्राणी भेदरला की असा काळवंडतो. टाकीवाल्यांनी मात्र त्याचा अर्थ आपल्या इच्छेप्रमाणे लावला.

"बघ, कसा रंग भरलाय अंगात," ते बायकोला म्हणाले. "आला तेव्हा फिकट होता."

"अहो, तो तोंड उघडं ठेवून बसतो. दमेकऱ्यासारखा."

"उकाडा आहे. मीही बसतो."

"तुम्ही तर बोलण्यासाठी उघडता. त्याला कुठे काय बोलायचंय?"

त्यांनी फोटो काढला आणि थेट मुलीला पाठवला. आईच्या मार्फत न जाता त्यांनी तिला धाडलेला हा पहिला निरोप. सोबत ओळ होती: "बघ, कसा तरतरीत झालाय." जहाज भर समुद्रात होते. उत्तर ते बंदराला लागल्यावर आले, आणि तोवर सरड्याने झाकणाजवळची जागा सोडून तळाच्या ओल्या मातीवर बसायला सुरुवात केली होती. उत्तर मी पाहिले आहे: "काच??? बाबा, जाळी लागते त्याला. आजच्या आज. प्लीज."

टाकीवाल्यांनी ते बायकोला वाचून दाखवले नाही. फोन खिशात घातला आणि रस्ता ओलांडला.

"एक पिंजरा हवाय."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तू मावणार नाहीस," पिंजरेवाले सवयीने म्हणाले. मग त्यांनी मित्राच्या तोंडाकडे पाहिले आणि हातातले गिऱ्हाइकाचे काम खाली ठेवले.

त्यानंतर दिवसभर पिंजरेवाल्यांनी एकदाही टोमणा मारला नाही. टाकीवाले सांगतात की ते त्यांना सर्वांत जास्त लागले. पायांना टोचू नये म्हणून प्लॅस्टिकचा लेप असलेली बारीक जाळी घेतली, चौकट उभी केली, चारही बाजूंनी वारा फिरेल असे बघितले. तळाच्या पत्र्याशी येऊन पिंजरेवाले थांबले.

"पाणी जायला भोकं पाडावी लागतील. पाडू?"

टाकीवाल्यांनी पत्र्यावरून तळहात फिरवला. "पाड," ते म्हणाले.

पिंजरा वरच्या खोलीत खिडकीजवळ ठेवला. वर एक बाटली टांगून तिच्या बुडाला सुईने छिद्र केले. थेंब एका पानावर पडे, तिथून दुसऱ्यावर, तिथून तळाच्या भोकांतून खालच्या परातीत. टाकीवाले त्यापुढे खुर्ची टाकून बसत. "आयुष्यात पहिल्यांदा गळकं घर बांधून घेतलं," ते म्हणाले. "आणि तेच बरोबर निघालं." याला विनोद म्हणावे की नाही, बायकोला कळले नाही.

प्रारंभी वाटले की जमले. अंगावरचा काळपटपणा उतरला. सरडा दाट पानांत शिरून बसू लागला, इतका आत की तो शोधायला पाने बाजूला करावी लागत. एकदा त्याने पानाच्या टोकावरचा थेंब चाटला, तेव्हा टाकीवाल्यांनी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावले आणि ती पीठ भरल्या हाताने धावत आली. चिमीचा निरोप आला: "फोटो पाठवा ना."

मग तो दिवसाही डोळे मिटून राहू लागला. डोळे मिटले की कॅमेलिअन आजारी समजावा, हे त्यांना प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडून कळले. बाईंनी प्राणी हातात घेतला, त्याच्या छातीशी कान नेला, तोंड उघडून आतला चिकट स्राव पाहिला.

"कोंडलेल्या, दमट जागेत होता का?"

"होता," टाकीवाले म्हणाले. "मीच बांधली होती."

"फुफ्फुसांत संसर्ग आहे. औषध देते. पण फार आशा धरू नका. हे प्राणी आजार लपवतात. दिसायला लागतो तेव्हा पुष्कळ पुढे गेलेला असतो. कदाचित तुमच्याकडे आला तेव्हाच थोडा असेल."

हे शेवटचे वाक्य बाईंनी दिलासा म्हणून उच्चारले की निदान म्हणून, हे मी त्यांना विचारले. त्यांना ते वाक्य आठवत नाही.

याच सुमारास टाकीवाल्यांनी दुसरा फोटो पाठवला. त्यात खिडकीतला उजेड आहे, पिंजरा आहे, टांगलेली बाटली आहे आणि जाळीआड दाट हिरवी पाने आहेत. सोबत मजकूर नाही. चिमीचे उत्तर त्याच दिवशी आले: "किती छान केलंय! दडून बसलाय ना आत? थँक्यू बाबा. आले की चार दिवस राहते."

चार दिवस राहते. टाकीवाल्यांनी हे मात्र बायकोला वाचून दाखवले. एकदा वाचले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचले.

सरडा मेल्याचे चिमीला कोणी कळवले नाही. त्या दिवसांतले नवराबायकोचे बोलणे दोघांनी वेगवेगळे सांगितले तरी जवळजवळ सारखेच येते.

"कळवा तिला."

"आल्यावर सांगतो."

"आल्यावर काय सांगणार? पिंजरा दाखवणार?"

"तू कळव ना. तुझ्याशी ती बोलते."

"तुमच्याकडे दिला होता. मी नाही मध्ये पडायची."

चिमी आली तेव्हा तिच्या खांद्याला मोठी बॅग होती. चार दिवसांच्या कपड्यांची असावी. ती दुकानातून सरळ वर गेली आणि बॅग न उतरवता पिंजऱ्यापुढे गुडघे टेकून बसली. बाटलीतून थेंब पडत होते. टाकीवाल्यांनी ती रोज भरायचे सोडले नव्हते. तिने पिंजऱ्याचे दार आवाज न करता उघडले. आतला दचकू नये म्हणून एकेक पान बोटाने हळू बाजूला करू लागली. बाप मागे उभा होता. तिने वरची पाने पाहिली, मधली पाहिली. खालच्या पानांकडे आली तेव्हा तिचा हात मंदावला.

"चिमे," ते म्हणाले, "तो..."

"कधी?"

"झाले बरेच दिवस."

तिने पाने जागच्या जागी सोडली. पिंजऱ्याचे दार लावले.

"तुम्ही फोटो पाठवलात, तेव्हा तो आत होता?"

टाकीवाले पुढे झाले आणि टांगलेली बाटली सरळ करू लागले.

"बाबा, मेला त्याबद्दल मी काही विचारत नाहीये. मरतात ते. एवढंच सांगा. होता की नव्हता?"

"पिंजरा तुझ्यासाठीच करून घेतला," ते म्हणाले. "तू म्हणालीस तसाच."

आईने चहा टाकला होता. चिमीने तो उभ्यानेच घेतला, आईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बॅग खांद्याला तशीच ठेवून जिना उतरली. पिंजरेवाल्यांनी तिला समोरून हाक मारली. ती थांबली नाही. त्यानंतर ती त्या घरी आलेली नाही. आईला फोन येतो. दुकान चालू आहे का, हे आता ती विचारत नाही.

काचेची टाकी पुढे एका गिऱ्हाइकाने माशांसाठी नेली. ती गळत नाही. टाकीवाले अजून काम करतात, पण सांधा भरताना मध्येच थांबतात, आणि शेजारी बोलत असले तर त्यांना गप्प करत नाहीत.

दुसरा फोटो मी मोठा करून पाहिला आहे. मधल्या पानांत एक वाकडी रेघ आहे. ती शेपटी असू शकते, देठही असू शकतो. तो कोणत्या दिवशी पाठवला गेला हे फोनवरून कळते. प्राणी कोणत्या दिवशी मेला हे कशावरूनच कळत नाही. डॉक्टरीणबाईंकडे तो एकदाच नेला गेला होता. बायको म्हणते, "फोटोच्या आदल्या दिवशी गेला. मी स्वतः कुंडीत पुरला." टाकीवाले म्हणतात, "फोटोत आहे. पानांत आहे. असायचाच तो पानांत." कोणत्या कुंडीत पुरला हे विचारल्यावर बायकोने दोन वेळा दोन वेगळ्या कुंड्या दाखवल्या. चिमीला मी लिहिले होते; तिचे उत्तर आलेले नाही.

सरड्याला आजार टाकीतच जडला की तो आधीपासून होता, हे ठाऊक नाही. फोटो काढला तेव्हा तो जिवंत होता की नव्हता, हेही ठाऊक नाही.